खंडेनवमीला सोडवलेली डाय

विलास बोरावके यांच्याबद्दल शारजातल्या मराठी माणसांना विचाराल तर चांगलंच ऐकाल. आरतीला खडा आवाज, इस्त्रीचा शर्ट, आणि दर तिसऱ्या वाक्याला “आमच्या खडकीत”. मीही सात वर्षं ते ऐकत आले. पण २००० सालच्या दसऱ्यापासून या माणसाचं नाव निघालं की माझ्या तोंडाची चव जाते.

बोरावके खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून लवकर बाहेर पडले आणि त्र्याण्णवला इकडे आले. रास अल खैमाच्या रस्त्यावर, वाळूत, एक नेमबाजी क्लब होता. बड्या घरची माणसं तिथे रायफली उडवायची. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या आणि पुन्हा भरायच्या. भरण्याचं काम बोरावक्यांचं. गोळा करण्याचं आणि धुण्याचं मैमुनाबीचं.

मैमुनाबी हैदराबादची. नवरा नव्हता, मुलगी तिकडे नर्सिंग शिकत होती. उन्हात चाळणी घेऊन वाळू चाळायची आणि पुंगळ्या अशा लखलखीत करायची की एखादीला वाटावं, गळ्यात घालायच्या आहेत. बोरावके तिला “ए बाई” म्हणायचे. सात वर्षांत नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही.

दसरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात क्लबात स्पर्धा होती. सेमी-ऑटोमॅटिक रायफली, पाहुणे, वर मांडव. पहिल्याच फेरीत रायफली अडल्या. काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये जायचं, पण पुरतं बसायचं नाही, आणि ते मागून बंद करणारा बोल्ट केसभर अलीकडेच थांबायचा. एका पाहुण्याने वैतागून बोल्टवर तळहाताने ठोसे मारायला सुरुवात केली. आत भरलेलं काडतूस! मॅनेजर धावला आणि त्याने रायफल काढून घेतली. स्पर्धा बंद. मांडवातल्या पाहुण्यांसमोर मॅनेजरचा चेहरा बीटासारखा लाल झाला.

“विलास! व्हॉट इज धिस?”

बोरावक्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. “सर, डर्टी ब्रास. वाळू राहिलीय. वॉशिंग प्रॉब्लेम.”

एवढंच. मॅनेजरने मैमुनाबीला ऑफिसात बोलावलं. “खलास. व्हिसा कॅन्सल. शनिवारी तिकीट.” तिचा पासपोर्ट मॅनेजरच्याच ड्रॉवरमध्ये होता, म्हणजे बोलायचा प्रश्नच नाही.

ती माझ्याकडे आली. अडकलेल्या माणसांची कामं मी करते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ना ऑफिस, ना पाटी. जुनी कोरोला आणि जीभ, एवढंच भांडवल.

“लतिकाताई, मैं रोज के जैसाच धोई. तीन पानी से. रेती कां से आई? मेरेकू घर नक्को भेजो बोलो उनकू. बच्ची का अभी पहलाच साल है.”

मी तडक बोरावक्यांच्या घरी गेले. म्हटलं, आपला माणूस आहे, अनुभवी आहे, मॅनेजरला दोन शब्द सांगेल. मला तेव्हा त्यांच्यावर संशयसुद्धा नव्हता.

बोरावक्यांनी मला बसवलं आणि व्याख्यान सुरू केलं. टीपॉयवर एक पुंगळी उभी केली. “हे बघा ताई. बार उडाला की पुंगळी फुगते. मग ती प्रेसवर चढवून डायमध्ये दाबायची. डाय म्हणजे साचा. तो पुंगळीला परत मापात आणतो. हा खांदा दिसतोय? हा मागे बसला पाहिजे. डाय शेवटच्या आट्यापर्यंत खाली फिरवलेली हवी. अर्धा आटा वर राहिली, की खांदा पुढेच राहतो आणि काडतूस चेंबरमध्ये बसत नाही. पण ते नवशिक्यांचं. आमच्या खडकीत असं केलं असतं तर—”

“तुम्ही भरलेली काडतुसं तपासली होती?”

“म्हणजे काय! माझ्या बोल्टच्या रायफलीत घालून बघितली. खटाखट बंद!”

“ती हाताने बंद करायची ना?”

“हो, दांडा दाबला की बंद.”

“आणि सेमी-ऑटोमॅटिक?”

“तिचा बोल्ट स्प्रिंग ढकलते.” बोरावक्यांनी पुंगळी टीपॉयवर उगीच फिरवली. “हाताएवढा जोर नसतो तिला.”

तेवढ्यात त्यांची बायको प्रमिला चिवडा घेऊन आली. भोळी बाई. कौतुकानेच बोलली, “खंडेनवमीला ती डायच तर घरी आणली होती यांनी. शुक्रवार होता ना, सुट्टी. म्हणाले, हत्याराची पूजा झालीच पाहिजे. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल घातलं. फोटो पण काढलाय.”

आतून त्यांची लेक ईरा ओरडली, “अँड देन ही वॉश्ड इट इन अवर किचन सिंक! सो ग्रोस!”

मी बोरावक्यांकडे बघितलं. ते पुंगळीकडे बघत होते.

“डाय प्रेसमधून सोडवलीत. पूजा केलीत. परत कुणी बसवली?”

बोरावक्यांनी पुंगळी उचलून खिशात घातली.

“मैमुनाबीने बसवली का हो?”

“ताई, सावकाश बोला. शेजारी ऐकतील.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“स्पर्धेच्या दिवशीच. संध्याकाळी जाऊन बघितलं. थोडी वर होती. मी नीट केलीय आता.” हे त्यांनी असं सांगितलं, जणू मी शाबासकी द्यावी. “बघा, ती काय, जाईल हैदराबादला, दुसरं काम बघेल. माझी ईरा दहावीला आहे. आणि तुम्ही मराठी असून आपल्याच माणसाला खाली ओढणार?”

चिवड्याची वाटी मी टीपॉयवर आपटली. “आपला माणूस? माझा आपला माणूस तिकडे बोचकं बांधतोय. सकाळी सातला गाडी खाली उभी असेल. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. ती काडतुसं अजून पेटीत आहेत, त्यांचं माप खोटं बोलणार नाही.”

प्रमिलाने एकदाच नवऱ्याकडे बघितलं आणि वाटी उचलून आत गेली.

सकाळी बोरावके गाडीत बसले. भांगबिंग पाडून. क्लबात मॅनेजरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “सर, आय चेक्ड एव्हरीथिंग अगेन. मशीनचं सेटिंग व्हायब्रेशनने हललं होतं. आय हॅव करेक्टेड. ब्रास इज ओके. त्या बाईला राहू द्या, पुअर लेडी.”

व्हायब्रेशन! मी तोंड उघडलं. पण मॅनेजरने ड्रॉवर उघडून व्हिसा रद्द करायचा कागद फाडला होता, आणि मैमुनाबी दारात दुपट्टा तोंडात धरून उभी होती. मी दात आवळले.

“गुड कॅच, हबीबी,” मॅनेजर त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मैमुनाबी पावाच्या हैदराबादी गोडाचं, डबल का मीठाचं, पातेलं घेऊन आली. सरळ बोरावक्यांपुढे गेली. “विलाससाब, आप नहीं होते तो मेरा क्या होता.” बोरावक्यांनी सगळ्यांदेखत दोनदा वाढून घेतलं. चमचा चाटत म्हणाले, “अहो, माणसाने माणसाच्या उपयोगी पडावं. आमच्या खडकीत हेच शिकवलं.” लोकांनी माना डोलावल्या. प्रमिला तेवढी उठून बाहेर गेली.

मला राहवलं नाही. जिन्यात मैमुनाबीचा दंड धरला. “अगं, त्यानेच तुला अडकवलं होतं! डाय त्याने सैल बसवली, नाव तुझं घेतलं!”

“मालूम है ताई.”

“मालूम है? आणि मीठा घेऊन आलीस?”

तिने दंड सोडवून घेतला. “कल सुबू मेरेकू उसके बाजूच बैठना है. वो बोले धुली तो धुली, वो बोले मैली तो मैली. तुम तो चिल्लाके घर चले जाते.” आणि पातेलं कमरेवर घेऊन उतरली.

वरून बोरावक्यांचा आरतीचा आवाज येत होता, खडा, सुरात. मी वर गेले नाही. आजही त्या मंडळाची पायरी चढत नाही. मैमुनाबी मात्र आणखी चार वर्षं, मुलगी नोकरीला लागेपर्यंत, दर दसऱ्याला त्यांच्या घरी मीठा पोचवत होती.