सुमनवहिनीचा बोलता डबा

सुमनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाचणगावला चुलतबहिणीकडे होते. चार दिवस मोकळी राहून ये म्हणून वहिनीनेच मला बळेबळे धाडलं होतं. फोन शेजारच्या काकूंचा होता. "मंगल, लवकर ये वो. वहिनी सयपाकघरात पडली. डॉक्टर येऊन गेले..." पुलगावहून वर्ध्याची गाडी धरली. वाटेत तुरीची शेतं मागे जात होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट, आता दादाचं काय? गेलेल्या माणसासाठी रडायच्या आधीच मागे राहिलेल्याची काळजी येऊन बसते. काही आठवडे उलटलेत, पण ते रडणं अजून तसंच बाकी आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. शाळेत कवायत शिकवायचा. मैदानावर त्याला शिट्टीची गरज पडत नसे, असा आवाज. फाटकातूनच "सुमे, पाणी आण!" अशी हाक द्यायचा आणि पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीला कळायचं की मास्तर घरी आले. मी एकटी, दोन घरं सोडून राहायचे. मलाही ती हाक ऐकू यायची. वहिनी आर्वीला पोस्टात होती. रोजची एस.टी., रोजचा उभ्याने प्रवास. निवृत्त झाल्यावर पाय पसरून बसणार होती. बसायला मिळालं नाही. त्याच वर्षी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, फक्त तोंडातून शब्द निघत नसे. डाव्या हाताने तो पलंगाच्या दांडीवर पेला आपटायचा. वहिनी कणीक भरल्या हाताने धावत यायची. पाणी पाहिजे? कूस बदलू? दुखते का? तो मानेने नाही-नाही करत राहायचा, चिडायचा, शेवटी पेला भिरकावायचा. ती पेला उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायची. संध्याकाळपर्यंत दोघंही भांडल्यासारखी दमलेली असायची.

माळा आवरताना तिला निखिलच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, कॉलेजातल्या सामानाचं खोकं सापडलं. त्यात तळहाताहून लहान अशी निळी पट्टी होती. मायक्रोकंट्रोलर बोर्ड. निखिल पुण्याला नोकरीत. त्याने फोनवर सांगितलं, "आई, आपण लिहून देऊ तसं तो बोर्ड वागतो. बटण दाबलं की दिवा लाव म्हटलं, तर दिवा लावतो."

"अन् हाक मार म्हटलं तं?"

निखिल म्हणाला, "मारेल. पण वेळ लागेल, आई."

खरंच लागला. पहिले काही दिवस घरचा कॉम्प्युटर त्या बोर्डाला ओळखच देईना. वहिनी तार काढायची, घालायची, पुन्हा काढायची. शेवटी कळलं की ती तार नुसती चार्जिंगची, तिच्यातून बोर्डाशी बोलणं होतच नाही. नवी तार आणली आणि बोर्डावरचा चिमुकला दिवा लुकलुकायला लागला. वहिनीने मला हाक मारून बोलावलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. मग बटणं जोडली, तर ती कोणी हात न लावताच वाजायला लागली. निखिलने समजावलं की बटण मोकळं असताना काय समजायचं तेही बोर्डाला लिहून द्यावं लागतं, नाहीतर त्याला भास होतात. वहिनी म्हणाली, "भास तं मलेही होते. भाजी चिरता चिरता पेला वाजल्यावानी वाटते."

सरतेशेवटी तिने त्याला छोटा स्पीकर लावला आणि नखाएवढ्या मेमरी कार्डात बोल भरायचे ठरवले. दादाचा जुना आवाज कुठेच साठवलेला नव्हता. मी म्हटलं, माझा घे. तर हसून म्हणाली, "थोरल्या वहिनीले 'सुमे' म्हणशीन? नको. मीच म्हणतो." आणि मोबाईल तोंडाशी धरून, दादाची ऐट आणत, तिने स्वतःलाच हाक मारली, "सुमे, पाणी आण!" तशीच "सुमे, कूस बदल" आणि "सुमे, दुखून राह्यलं". तिन्ही बटणं एका प्लास्टिकच्या डब्यात बसवून दादाच्या डाव्या हाताशी ठेवली. त्याने पहिलं दाबलं. खोलीभर वहिनीचाच आवाज घुमला. झटक्यानंतर दादा हसल्याचं मी तेव्हाच पाहिलं. वहिनी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आता पेला फेकसान तं पाहा."

दीड-दोन वर्षं तो डबा चालला. तिचे गुडघे गेले, रक्तदाब वाढला, पण हाक आली की ती उठायची. "तुझी तब्येत दाखव ना," असं मी म्हटलं की "दाखवतो, दाखवतो..." एवढंच.

ती पडली त्या दुपारी घरात ती दोघंच होती. दादाने पडल्याचा आवाज ऐकला आणि बटण दाबत राहिला. "सुमे, पाणी आण... सुमे, पाणी आण..." किती वेळ, कोणास ठाऊक. हाक थांबेचना म्हणून शेजारच्या काकू पाहायला आल्या.

दिवस झाल्यावर निखिल पुण्याला गेला. दादा त्याच्याबरोबर जायला तयार नव्हता, म्हणून मीच त्या घरात राहायला आले. दादाचे ओठ सुकलेले दिसायचे. समोर पाणी धरलं की घटाघटा प्यायचा, पण मागायचा मात्र नाही. डबा हाताशी तसाच पडलेला. बिघडला म्हणून मी बटण दाबून पाहिलं, तर तिची हाक आली आणि दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा उमगलं. हाक मारली आणि ती आली नाही, हे त्याला पुन्हा ऐकायचं नव्हतं. त्यापेक्षा तो तहानलेला राहत होता.

मी त्याच्या उशाशी बसले. "दादा, आवाज बदलू का?"

त्याने तोंड माझ्याकडे फिरवलं आणि मान हलवली. हो.

निखिलला विचारत विचारत मी नव्या कार्डात माझे बोल भरले, "मंगल, पाणी दे" आणि बाकीचे दोन. जुनं कार्ड काढलं, नवं घातलं. दादाने बटण दाबलं, मी पाणी दिलं. तो प्यायला. माझ्या चिमटीत जुनं कार्ड तसंच होतं; ठेवावं कुठे, सुचेना. दादाने डावा हात उचलला आणि सदऱ्याच्या खिशावर दोनदा टेकवला.

खिशात घातलं. आता रोज अंग पुसून त्याला सदरा घालायच्या आधी मी ते कार्ड काढून धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात ठेवते. एखाद्या दिवशी कामाच्या रगाड्यात विसरते, तेव्हा तो बाहीत हात घालायचा थांबतो आणि वाट पाहतो.