आमच्या घरातला विक्रीकर

नव्वदच्या दशकात आमच्या चामराजपेटच्या घरी अर्थसंकल्पाचा दिवस सणासारखा साजरा होई, फक्त गोडधोडाऐवजी शिव्या असत. टीव्हीसमोर आम्ही तिघं बसत असू: वडील, ज्यांना आम्ही इथल्या कानडी रीतीने अण्णा म्हणायचो, थोरला भाऊ दादा आणि मी. अण्णांचं चिकपेटेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईकाने पातेलं पसंत केलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, 'बिल हवं का?' हवं म्हटलं तर विक्रीकर धरून भाव, नको म्हटलं तर दोघांचंही कल्याण. सरकारी कागदांवर अण्णांचं उत्पन्न इतकं केविलवाणं दिसे, की ते वाचून कुणीही आम्हा मुलांना वार लावून जेवायला घातलं असतं.

मी के. आर. पुरमच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात कारकून होते. माझा इन्कम टॅक्स पगार हातात पडायच्या आधीच कापला जाई. चोरी करायची इच्छा भरपूर, पण सोय नाही. दादा कोरमंगल्यात एका कॉम्प्युटर कंपनीत होता आणि त्याचा पगार दर वर्षी बांबूसारखा वाढत होता. टॅक्सही वाढत होता, म्हणून तो सगळ्यांत जास्त चिडलेला असे.

'इन्कम टॅक्स काढूनच टाकावा,' तो म्हणे. 'कमावणं हा काय गुन्हा आहे? विकत घेईल त्याने भरावं. जो उडवेल तो जास्त भरेल, जो जपून राहील त्याचे वाचतील.' मला हे अगदी पटे. अण्णांनाही पटे, कारण विक्रीकर भरायचा की नाही हे गल्ल्यावरच ठरवता येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

घरात मात्र वेगळाच कायदा होता. आमचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून या मुलखात आले. मुलूख गेला, घोडे गेले, चौथाई तेवढी घरात उरली. जो कमावेल त्याने कमाईचा चौथा हिस्सा पहिल्या तारखेला आईच्या डब्यात टाकायचा, आणि मग महिनाभर काय खाल्लं, किती खाल्लं हे कुणी विचारायचं नाही. अण्णांची थोरली बहीणही हा हिस्सा देई. तिचा नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. सगळं घर तिला अक्का म्हणे. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून ती चार पैसे मिळवी. तिचा चौथा हिस्सा दादाच्या पेट्रोललाही पुरला नसता, पण पहिल्या तारखेला डब्याशी पहिला नंबर तिचाच असे.

त्या वर्षी अर्थमंत्र्यांचं भाषण संपलं आणि दादा उठून उभा राहिला. 'देशाचं राहू दे, आधी घरात सुरू करू. मी दिवसभर बाहेर असतो. रात्री येऊन दोन पोळ्या खातो आणि सगळ्यांत जास्त पैसे मी भरतो. हा कुठला न्याय?'

अण्णांना दर ठरवायला सांगितल्यावर ते दहा वर्षांनी तरुण झाले. कॉफी, नाश्ता, जेवण, फोन, गरम पाण्याची बादली, सगळ्याला भाव लागला. ज्याने जे घेतलं त्याचे पैसे त्याने तिथल्या तिथे डब्यात टाकायचे, चौथाई बंद.

'आणि मी?' आईने विचारलं.

'तू सरकार,' दादा म्हणाला.

'सरकारला पगार असतो,' आई म्हणाली. त्यावर सगळ्यांना एकदम कामं आठवली.

पहिल्याच आठवड्यात करचुकवेगिरी सुरू झाली. अण्णा दुकानाशेजारच्या हॉटेलात कॉफी पिऊन येऊ लागले आणि घरी 'मीठ बघतो' म्हणत ओट्यापाशी उभ्याउभ्या दोन डोसे चाखू लागले. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये नाश्ता उरकू लागले, कारण तिथे तो जवळजवळ फुकट होता. दादाचा तर निम्म्याहून जास्त हिस्सा वाचला आणि त्यातून त्याने एक म्युझिक सिस्टीम आणली. मी मैसूर सिल्कची साडी घेतली. आम्हा दोघांना ही पद्धत फारच न्याय्य वाटली.

साडीला फॉल लावायला मी ती अक्काकडे दिली. मजुरी तिने रोखीने घेतली आणि त्यातलेच पैसे काढून डब्यात टाकले, गरम पाण्याच्या बादलीचे. तिचे गुडघे दुखत. सकाळ-संध्याकाळ शेकल्याशिवाय तिला मांडी घालता येत नसे आणि कॉफीशिवाय सुईत दोरा जात नसे. कमाई कमी म्हणून गुडघे काही कमी दुखत नाहीत. पूर्वी मिळकतीतला चौथा भाग जाई, आता जेमतेम चौथा भाग हाती उरू लागला. तिने कुणाला काही सांगितलं नाही. आधी संध्याकाळची कॉफी बंद केली, मग संध्याकाळची बादली.

एका रविवारी पंगतीत आईनेच विषय काढला. 'अक्का भिंतीला धरून चालतात, दिसत नाही का तुम्हाला?'

दादा दुष्ट नव्हता, फक्त गणितात हुशार होता. त्याने घास घेता घेता तोडगा काढला. 'त्यात काय एवढं? अक्काला सूट. आजपासून तिला सगळं फुकट.' सरकारही गरिबांना सवलत देतंच, असं मीही वर जोडलं. आपल्या मनाच्या मोठेपणाने आम्ही दोघं भारावून गेलो.

अक्काचा हात ताटातच थांबला.

'फुकट? कुणाला रे?' ती म्हणाली. 'या घरात मी एक दिवस फुकट खाल्लं नाही. तू चौथा हिस्सा दिलास, मीही चौथाच दिला. तुझा जास्ती, माझा स्वल्प, पण दोघांना सारखाच जड. आता तुझे भाव माझं सगळं गिळतात आणि वर तूच मला धर्म करतोस? सरी, ठीक आहे. मी जाते दावणगेरेला, नणंदेकडे. तिथे फुकट खाल्लं तर पाहुणी तरी म्हणतील.'

आम्हाला वाटलं रागाचं बोलणं आहे, दोन दिवसांत विरेल. पण दुसऱ्या दिवसापासून ती हातातल्या साड्या एकेक करून बायकांना परत करू लागली, अर्धा फॉल लावलेल्यासुद्धा. ती खरंच निघाली होती. आईच्या बरोबरीने मला वाढवलं ते तिनेच, आणि ती या घरात नाही ही कल्पनाच मला सहन होईना. मी दादावर तडकले.

'पण माझं चुकलं कुठे?' तो म्हणाला. 'खातो तेवढं भरतो. ती खाते तेवढं तिने भरावं. सगळ्यांना एकच भाव, यात अन्याय कसला?'

'भाव एकच आहे रे शहाण्या,' मी म्हटलं, 'पण कॉफीचे पैसे देताना तुला खिसा जाणवतो तरी का? तिला कॉफी सोडावी लागते.' त्याने म्युझिक सिस्टीमचा आवाज तेवढा वाढवला.

पहिली तारीख आली. अक्काची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. अण्णा दुकान लवकर बंद करून आले होते. संध्याकाळी दादा घरी आला, पिशवीकडे बघत उभा राहिला, मग तणतणत स्वयंपाकघरात गेला आणि पाकिटातून पुरता चौथा हिस्सा काढून डब्यात टाकला. 'घ्या, लुटा मला,' तो ओरडला. मी माझा टाकला. अण्णांनी टाकला, आणि तो खरोखर चौथा होता का, हे त्यांचं त्यांना माहीत. मग अक्का खोलीतून आली, कमरेची चंची सोडली, आपले पैसे वर ठेवले आणि पानावर येऊन बसली.

त्या दिवशी नवलकोलची भाजी होती. दादाला ती बघवत नसे. नेहमीप्रमाणे त्याने ती बोटाने ताटाच्या कडेला सारली.

'टाकू नकोस,' अक्का म्हणाली. 'त्यात माझेपण पैसे आहेत.'

दादाने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि शेवटच्या फोडीपर्यंत सगळं नवलकोल मुकाट्याने खाल्लं.