मिरचीवरचा आळ

इंजिनिअरिंग कॉलेजचा चौराहा मागे पडेपर्यंत माझी एका भंडाऱ्यातली पुरी-सब्जी, दुसऱ्यातली बुंदी आणि तिसऱ्यातलं गुलाबाचं सरबत घेऊन झालं होतं. उल्हासरावांच्या पोटात मात्र सकाळपासून कण नव्हता. ज्येष्ठातला मोठा मंगळवार होता, आणि आम्ही दोघं मारुतीच्या दर्शनाला पायी निघालो होतो. या दिवशी लखनौत उपाशी राहायचं तर फार कष्ट पडतात. जानकीपुरमपासून अलीगंजच्या मारुतीपर्यंत मांडवाला लागून मांडव, भोंग्यावर भजनं, आणि द्रोण घेऊन आडवी येणारी प्रेमळ माणसं.

“अंकलजी, खाली पेट मत जाइए! बजरंगबली नाराज हो जाएँगे,” असं म्हणत एकाने त्यांच्या हातात द्रोण कोंबायचा प्रयत्न केला.

“भैया, अल्सर है,” उल्हासराव म्हणाले. भैया, मी इथला कलेक्टर आहे, असं कुणी म्हणावं त्या थाटात.

पुढे एका कडुनिंबाच्या सावलीत ते थांबले. गुडघे चोळले, सदऱ्याच्या खिशातून एक गोळी काढली आणि माझ्या बाटलीतलं घोटभर पाणी मागितलं.

“उपवास आहे ना तुमचा?” मी विचारलं.

“दर्शन होईपर्यंत कडकडीत.”

“मग हे काय?”

“वहिनी, गोळी म्हणजे काय अन्न आहे का?”

तसं बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. औषधाने उपवास मोडत नाही, असं माझी आईही म्हणायची. पोटाचं मत काय, ते आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

उल्हासराव देवस्थळी रेल्वेत इंजिनिअर होते, आमच्या ह्यांच्याच खात्यात. मूळचे साताऱ्याचे. लखनौला बदली झाली तेव्हा ती रद्द व्हावी म्हणून त्यांनी अलीगंजच्या मारुतीला दर मंगळवारचा उपवास बोलला. बदली काही रद्द झाली नाही. इथेच नोकरी सरली, जानकीपुरमला घर बांधून झालं, मुलगा निनाद तर मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो. उपवास चालूच. “आता नवस कसला?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “बोललोय ना. देवाचा विचार अजून चालू असेल.”

मंगळवारइतकाच त्यांचा अल्सरही प्रसिद्ध होता. आमच्या मराठी मंडळात कुणाला संधिवात आहे, कुणाला साखर आहे, पण अल्सरचा मान एकट्या उल्हासरावांचा. जेवणाच्या पंगतीत त्यांना वेगळं ताट लागे आणि त्या ताटाबरोबर एक व्याख्यानही येई. त्याचा सारांश असा की, साताऱ्यात असेपर्यंत हे पोट लोखंडाचं होतं, लखनौच्या मसाल्यांनी त्याला भोक पाडलं. आम्ही सगळे हजरतगंजला चाट खायला गेलो की तेही येत. आम्ही खायचं आणि त्यांनी शेजारी उभं राहून, “आलू टिक्की खरपूस दिसतेय. चटणी जरा हिरवीगार आहे,” असं सांगत राहायचं. जीव तुटायचा बघून.

लतिका त्यांची बायको. ती कोल्हापूरची. कोल्हापूरच्या बाईने वीस वर्षं बिनमिरचीची आमटी करणं म्हणजे काय, ते कोल्हापूरच्या माणसालाच कळेल. दोन स्वयंपाक कुठे करायचे, म्हणून तीही तेच खायची. माहेरहून आलेला चटणीचा डबा ती दारातूनच माझ्याकडे पाठवायची. “तुम्हीच खा बाई. घरात वास आला तरी ह्यांच्या पोटात आग पडते.” तो डबा मी दरवर्षी आनंदाने रिकामा करत असे.

मध्ये एकदा एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासून सांगितलं होतं की पोटात जंतू आहेत, दोन आठवडे औषध घ्या. पाचव्या दिवशी दुखायचं थांबलं आणि उल्हासरावांनी औषध थांबवलं. “आग विझल्यावर बंब दारात कशाला उभा ठेवायचा?” हे त्यांचं त्यावरचं इंजिनिअरिंग.

तर कडुनिंबाखालून आम्ही निघालो, आणि पुरनिया चौकाच्या अलीकडे ते एकदम फुटपाथवर बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम.

“ऊन लागलं,” ते म्हणाले. “दोन दिवस अंगात उष्णता आहेच. शौचाला बघा ना, डांबरासारखं काळं होतंय.”

माझ्या सासऱ्यांना तसंच झालं होतं. काळं म्हणजे रक्त असतं, पोटात आतल्या आत वाहिलेलं, हे मला तेव्हापासून माहीत आहे. मी ई-रिक्षाला हात केला.

“आधी दर्शन,” उल्हासराव म्हणाले. “देऊळ आलंच की.”

“मारुती कुठे पळून जात नाहीये. तुमचं रक्त चाललंय. बसा.”

मांडवातल्या दोन पोरांनी त्यांना उचलून रिक्षात बसवलं. एकाने जाता जाता माझ्या मांडीवर पुऱ्यांचं पुडकं ठेवलंच. लतिका पुढे देवळाशी थांबणार होती, तिला फोन करून सरळ दवाखान्यातच यायला सांगितलं.

दुर्बीण घालायला पोट रिकामं लागतं. “रिकामंच आहे, मंगळवार आहे,” असं उल्हासरावांनी त्या अवस्थेतही ऐटीत सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांचा उपवास पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला. जखम सापडली, वाहणारं रक्त दुर्बिणीतूनच बंद केलं, वरून रक्ताची बाटली लावली. जंतू आहेत का ते बघायला पोटातला कणभर तुकडाही काढला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. होतेच. पाच दिवसांच्या औषधाने नुसते दबकून बसले होते.

डॉक्टर निगम म्हणून तरुण मुलगी होती. तिने खाटेशी येऊन विचारलं, “अंकल, कोई दवा लेते हैं?”

“नहीं जी. दवा से मैं दूर ही रहता हूँ.”

“आणि ती खिशातली?” मी म्हणाले. लतिकाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“वो तो दर्द की है,” उल्हासराव डॉक्टरांना म्हणाले. “घुटनों के लिए. पेट का उससे क्या संबंध?”

“घुटने तक जाती किस रास्ते से है, अंकल?”

मग एकेक बाहेर आलं. गुडघ्यांची ती गोळी ते वर्षानुवर्षं रोज घेत होते. मंगळवारी चालणं जास्त, म्हणून दोन. त्याही उपाशीपोटी, कारण गोळी चालते पण तिच्याआधी घास चालत नाही.

डॉक्टर मुलीने शांतपणे समजावून सांगितलं. पोटात आम्ल असतं आणि त्यापासून पोटाला वाचवायला आतून एक चिकट अस्तर असतं. दुखण्यावरच्या या गोळ्या ते अस्तर दुबळं करतात, जंतू ते पोखरतात. दोघं एकत्र आले की जखम होते आणि भरत नाही. गार दूध प्यायलं की घटकाभर बरं वाटतं, पण त्याने जखम भरत नसते.

“और मिर्च?” लतिकाने विचारलं.

“जलन बढ़ाए तो मत खाइए. पर अल्सर मिर्च से नहीं बनता, आंटी.”

लतिका खुर्चीवर बसली. मग नवऱ्याला म्हणाली, “म्हणजे वीस वर्षं मी गवत शिजवलं, गवत खाल्लं, आणि तुम्ही खिशात इंगळ घेऊन हिंडत होतात?”

“मला काय माहीत? साधी गोळी ती. मेडिकलवाला चिठ्ठीसुद्धा मागत नाही.”

“मसाल्याला नावं ठेवायला बरं माहीत होतं!”

उल्हासराव सलाईनच्या नळीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटतं, रक्त गेल्याचं त्यांना तितकं लागलं नव्हतं. लखनौ निर्दोष निघालं, ते जास्त लागलं.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. जंतूंचं औषध पूर्ण दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, जेवून. आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास, ती त्यानंतरही काही आठवडे. जंतूंचं औषध संपल्यावर महिन्याभराने जंतू गेले का ते पुन्हा तपासायचं. गुडघ्यांची गोळी बंद. गुडघ्यांना मलम आणि व्यायाम, आणि दुसरी कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही. परत काळं झालं तर तसंच उठून यायचं. आणि या दिवसांत उपवास अजिबात नाही.

“मंगलवार छोड़के चलेगा?” उल्हासरावांनी विचारलं.

“पिछली बार बीच में छोड़ा, नतीजा देख लिया ना? अबकी छोड़ा तो यही दवाएँ शायद असर भी न करें. और दोबारा खून बहा तो हर बार इतनी आसानी से नहीं रुकता, अंकल.”

ती गेली. उल्हासराव छताकडे बघून म्हणाले, “मंगळवार नाही मोडता येणार. दोन मंगळवार नुसतं औषध नाही घेतलं तर काय एवढं?”

लतिका एकदम रडायलाच लागली. इतका वेळ भांडत होती तेव्हा बरी होती. पदराने डोळे पुसत म्हणाली, “तुमच्या मारुतीला माझं कुंकू नकोय का?”

मी पर्समधली जपमाळ नुसती हातात धरून बसले होते. देवाला माणसांची उपाशी पोटं हवीत असं मला कधीच वाटलं नाही, पण बोललेला शब्द जड असतो, हेही मला कळतं.

उल्हासरावांनी मान माझ्याकडे वळवली.

“वहिनी, आजारी माणसाचं व्रत दुसऱ्याने केलं तर चालतं ना?”

“चालतं. घरातल्याने करावं.”

“घरातली आज ठेचा कुटणार आहे,” लतिका म्हणाली. “आणि मंगळवारीसुद्धा खाणार आहे.”

“तुम्ही काय परक्या आहात, वहिनी?” उल्हासराव म्हणाले. “ते दोन मंगळवार माझ्या नावाने तुम्ही धरा. मारुतीला सांगा, देवस्थळींनी पाठवलंय म्हणून. तुम्ही हो म्हणालात तर मी मंगळवारीही चारचौघांसारखा जेवून गोळी घेईन. एकही चुकवणार नाही. धराल ना?”