गळ्यातलं लाल कार्ड

रिझिकीआत्या शाळेच्या आवारात आल्या की पोरं आपणहून बोटं पुढे करायची. आत्या सुई टोचायच्या, रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायच्या, तीसपर्यंत आकडे मोजायच्या आणि गळ्यातल्या कार्डाला लावून बघायच्या. कार्डावर सहा लाल रंग, फिक्यापासून गडदापर्यंत. थेंब ज्याला जुळेल, तेवढं पोराच्या अंगात रक्त. ना यंत्र, ना वीज. आमच्या पेम्बा बेटाला दुसरं परवडणार तरी काय?

कार्ड पाकिटात ठेवा, असं आरोग्य खात्याने सुरुवातीलाच बजावलं होतं. आत्यांनी ते दोरीत ओवून गळ्यात घातलं. लवंगा वाळत घातलेल्या चटयांमधून, भर उन्हात, सात वर्षं ते त्यांच्या छातीवर झुलत राहिलं.

"पाकिटातलं कोणाला दिसतंय, मास्तर? लोकांना कळायला नको, कोण आलंय ते?"

त्यांचा तोरा मला आवडायचा, कबूल करतो.

त्यांच्या नोंदवहीत फिकी पोरं दरवर्षी कमी होत गेली. वरून शाबासकी आली. माझ्या वर्गात मात्र दुपारी निम्मी पोरं बाकावर माना टाकायची. मी कधी उकाड्याला दोष दिला, कधी कसाव्याच्या कंदांच्या जड जेवणाला.

आत्यांची नात सुबिरा माझ्याच वर्गात होती, बारा वर्षांची. एकदा ती भिंतीची माती नखाने खरवडून चाटताना दिसली आणि मी तडक आत्यांना गाठलं.

"आत्या, पोरगी माती खातेय. नीट बघा तिला."

"तीनदा बघितलंय. पाचवा रंग! माझ्याच नातीबद्दल मला शिकवता होय? इथल्या निम्म्या बायका माती चघळतात, मेल्या का त्या?"

"विहिरीवरून येताना धापा टाकते ती."

"आळशी आहे. आईवर गेलीय."

पुढच्या तपासणीला सुबिरा रांगेत सगळ्यांत पुढे होती. ओठ पांढुरके पडले होते. आत्यांनी थेंब घेतला, कार्ड लावलं. "या, बघा. पाचवा!"

मी वाकून बघितलं. खरंच जुळत होता. पण सहाही रंगांच्या वरच्या कडेवरून एक काळी चिकटपट्टी गेली होती, कार्ड फाटलं म्हणून पहिल्याच वर्षी लावलेली. घामाने तिचं टोक सुटलं होतं. मी ते धरून ओढलं.

खाली मूळचे रंग तसेच्या तसे होते. बाकीचं कार्ड उन्हाने विटलं होतं, इतकं हळूहळू की रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळलंही नाही. सुबिराचा थेंब त्या खऱ्या रंगांतल्या पहिल्याहूनही फिका होता.

आत्यांनी कार्ड गळ्यातून काढलं.

"आजी, मी पास ना गं?" सुबिराने विचारलं.

तिला इस्पितळात न्यायचं, तर भरती येईपर्यंत होडी निघेना. तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पोरगी गेली.

तिच्या नावाची कुराणाची पारायणं आटोपली आणि आत्या शाळेत आल्या. हातात पाकीट, पाकिटात नवं कार्ड. पोरांनी नेहमीसारखी बोटं पुढे केली. आत्यांनी पहिला थेंब टिपला आणि कागद माझ्यापुढे धरला.

"मास्तर, तुम्ही वाचा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

मी कार्ड लावलं. दुसरा रंग. पुढच्या पोराचाही दुसराच. त्याच्या मागच्या पोरीचा पहिला. मी मान वर केली. रांग पार मैदानाच्या टोकापर्यंत गेली होती.