सहीच्या वरची कोरी जागा

आरोपी सापडला आणि लाज मात्र मला वाटली, असे माझ्या नोकरीत एकदाच घडले. म्हणून ते प्रकरण आजही जसेच्या तसे आठवते.

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी सीमाभागातून पहिल्यांदाच निवडून आलेले एक आमदार रिक्षाने आले. पूर्वी बस डेपोत मेकॅनिक होते. हवालदाराने बाकावर बसायला सांगितले, तर बसले. त्यामुळे ते आमदार आहेत हे पटायला मला थोडा वेळ लागला.

"साहेब, माझा राजीनामा विधानसभेच्या अध्यक्षांकडे पोचलाय," ते म्हणाले. "मी दिलेला नाही. पण सही माझीच आहे."

खुलाशाला चार दिवस होते. घाबरून दिला आणि आता फिरला, असे त्यांच्याच पक्षातले लोक बोलत होते. खऱ्या सहीपुढे त्यांचा शब्द टिकला नसता, तर आमदारकी गेली असती.

मी राजीनाम्याची प्रत पाहिली. मजकूर दोन ओळींचा, लेटरहेडच्या वरच्या भागात. सही पार तळाशी. मध्ये चार बोटे कोरी जागा. लिहून झाल्यावर सही करणारा माणूस इतक्या खाली जात नाही.

"कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवता?"

त्यांनी मान डोलावली. "रोज सकाळी पन्नास. गावाकडचे पेशंट इथल्या हॉस्पिटलांत येतात. मी सभागृहात अडकलो म्हणून त्यांनी शिफारशीच्या चिठ्ठीसाठी ताटकळायचं का?"

मी हवालदारांना टायपिंगच्या दुकानांतून फिरवले. दुसऱ्या दिवशी खबर आली. एका दुकानात टाईप करणाऱ्या अक्कांना तो कागद आठवत होता. "खाली सही, वर काहीच नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, लग्न आधी आणि मुलगी बघणं नंतर का? तर कागद आणणारा म्हणाला, अक्का, तुम्ही स्वल्प लवकर करा."

कोरे कागद आमदारांच्या सहायकाच्या ताब्यात असत. तो निपाणीकडचा, डेपोपासूनचा सोबती. "एकही कागद कोरा बाहेर गेला नाही," हे वाक्य त्याने दोन तास धरून ठेवले. मी आवाज चढवला नाही. चिठ्ठ्यांची वही मागवली आणि त्यालाच मोठ्याने वाचायला लावली. नाव, आजार, हॉस्पिटल. खोटे बोलणारा माणूस स्वतःच्या अक्षराला घाबरतो, हा माझा अनुभव. एका नावापुढे हॉस्पिटल नव्हते. तिथे तो थांबला.

"मशीनची रिबन तुटली होती, साहेब. आईला ॲडमिट करायचंय म्हणून तो रडत होता. बाहेर टाईप करून घ्या म्हटलं आणि कोराच दिला."

नाव खोटे निघाले, पण चेहरा त्याच्या लक्षात होता. त्याने केलेल्या वर्णनाचा माणूस त्याच मतदारसंघावर डोळा असलेल्या एका पुढाऱ्याचा भाचा निघाला. ओळखपरेडीत सहायकाने आणि अक्कांनी, दोघांनी त्याच्याकडेच बोट दाखवले. आईची तब्येत उत्तम होती.

अध्यक्षांकडे निघताना सहायक म्हणाला, "अण्णा, कागद मी चोरला म्हणून सांगा. तुमची अब्रू वाचेल."

"डेपोत ब्रेक न बघता मी गाडी पास केली असती, तर दोष ड्रायव्हरवर टाकला असता का रे?" आमदार म्हणाले. "चल, तूही ऐकायला चल."

अध्यक्षांपुढे त्यांनी तेवढेच सांगितले. कोऱ्या कागदावर सही मी केली, ती चूक माझी. राजीनामा माझा नाही. पोलीस तपासाचा माझा अहवाल जोडीला होताच. राजीनामा फेटाळला गेला. सार्वजनिक जीवनातली मोठमोठी भाषणे मी बंदोबस्तात उभा राहून ऐकली आहेत. लक्षात राहिले ते एवढेच.

पुढे ते सभागृहात जाण्याआधी आमदार निवासाच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. आजार विचारायचा, चिठ्ठी वाचायची, मग सही. रांग लांबली, लोक कुरकुरले. पुढच्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्यांना परत विधानसभेत पाठवले.

अध्यक्षांपुढच्या सुनावणीच्या दिवशी ठाण्यात परतल्यावर मी माझा खण उघडला. आत पंचनाम्याचे डझनभर कोरे कागद होते. प्रत्येकाच्या तळाशी समोरच्या कँटीनवाल्याची सही. तो आमचा कायमचा पंच. कागद फाडले आणि त्याला बोलावले.

"यापुढे घटनास्थळी यायचं, पंचनामा वाचायचा, मग सही."

"सरी, बरं साहेब," तो म्हणाला. "पण मग चहा कोण करणार?"

त्याचा मुद्दा बरोबर होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ठिकाणी तिथलाच पंच शोधू लागलो. काम दुप्पट झाले. पण कोर्टात वकिलाने पंचाला "तुम्ही काय पाहिलंत?" असे विचारले, की माझी मान खाली जायची थांबली.