डिव्हायडरमधली कण्हेर

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय मला. खाली नळावर आज जे ऐकून आले ना, ते कुणाला सांगितल्याशिवाय घास उतरायचा न्हाई. पण आधी मागचं सांगते, तरच कळंल.

आमाला परभणीत घरकुल मिळालं. गावाबाहेर, बायपासच्या पलीकडं, तिसरा मजला, लिफ्ट न्हाई. पण स्वतःचं! आमी दोघीच, आई आन् मी. चाव्या द्यायला आलेले साहेब माइकवर म्हणले, "इथून स्टेशन दहा मिनिटं!" मागून एक काका वरडले, "साहेब, तुमच्या गाडीनं का?" लय हसलो आमी. नंतर कळलं, सिटी बस इकडं येतच न्हाई. ऑटोवाला म्हणतो, परत रिकामं यावं लागतं, डबल द्या.

आई स्टेशनजवळच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. घर त्याच्यावरच. पहाटे पोचावंच लागायचं, आन् रस्ता ओलांडायचा चौक पार लांब. म्हणून सगळी कॉलनी डिव्हायडरच्या फुटलेल्या जागेतून रस्ता ओलांडायची. आई पण.

आता ऐका. हिरवं शहर म्हणून महापालिकेच्या लोकांनी डिव्हायडरमध्ये कण्हेर लावली. फोटो काढले, गेले. पाणी घालायला कोणी येईना. आमच्या बायांना अंगण न्हाई, सडा कुठं टाकणार? तर आईनं बादली उचलली आन् त्या फटीशेजारच्या कण्हेरीला घालायला लागली. मग सगळ्याच. ही माझी, ती तुझी! पूजेला फुलं आपापल्या झाडाचीच तोडायची, दुसऱ्याचं तोडलं की भांडण. आईची सगळ्यात उंच झाली. माणूस मागं उभं राहिलं तर दिसायचं न्हाई, एवढी. आन् ती मिरवायची हो, "बघ माझी कशी आलीय!"

त्याच झाडामागून ती रस्त्यावर उतरली आन् टेम्पो आला. तिला तो दिसला न्हाई, त्याला ती दिसली न्हाई. मी गॅलरीत दात घासायले होते. सगळं बघितलं. पाय घोट्यापासून गेला. म्हणजे हाय जागेवर, पण रॉड घातलाय.

मग काय झालं असंल? कण्हेर छाटली? न्हाई! फट बंद केली. उंच लोखंडी जाळी ठोकली, चौकापर्यंत. आता सगळ्यांनाच वळसा. शाळेची लेकरं, भाजीवाल्या, सगळे. आन् बोलणी कुणाला? आईला.

मेसवाला चांगला होता म्हणा. म्हणला, "मावशी, सोमवारपासून येत असाल तर या, न्हाईतर दुसरी बाई बघितलीय मी." काल आईनं काठी घेतली, म्हणली चौकापर्यंत जाऊन बघते. अर्ध्या वाटंत खाली बसली. मी ऑटो थांबवायले, कोणी थांबंना. परत आणली, तिन्ही मजले बुडावर सरकत चढली. सोमवार उद्याच हाय.

आन् आज नळावर शेजारची काकू, जिच्यासोबत आई रोज रस्ता ओलांडायची ती, दुसरीला म्हणायलीय, "तिला बघून चालता आलं असतं तर आपल्याला हा फेरा पडला नसता."

दुसरी म्हणली, "न्हाईतर मग मरायचं तरी नीट. माणूस गेलं असतं तर पूल बांधून दिला असता त्यांनी. पाय मोडला, म्हणून जाळीवर भागवलं."

आन् हसल्या दोघी! मी तिथंच उभी, हातात घागर. वर बघितलं तर आई गॅलरीत.

वर आले, म्हणलं, "आई, मनावर घेऊ नको."

तर आई काय म्हणली माहितीय? "खरंच म्हणायल्यात त्या. पूल झाला असता." आन् मेसवाल्याला फोन लाव म्हणली, दुसरी बाई घ्या म्हणून सांगायला. मी लावला. त्यानं उचलला, "बरं बरं" म्हणला आन् ठेवला. एवढंच.

तुमच्याकडं पण असं झालंय का? गाडीखाली आलं घरचं माणूस, आन् लोकांनी हिशोब मागितला तो पण त्यालाच? सांगा ना, की आमच्याच कॉलनीत हाय हे?