आतोबा आणि पेटीतलं शेवाळ

शेवाळाशी उघड हाडवैर धरलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. तेही कोकणात, जिथे पावसाळ्यात चार दिवस स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगावरही हिरवं धरेल! काशीदच्या त्यांच्या वाडीत विहिरीच्या पायऱ्या हिरव्या, न्हाणीची भिंत हिरवी, आणि अंगणातल्या चिऱ्यांवरून घसरून दर श्रावणात एक तरी पाहुणा कंबर धरून परत जाई. त्याचं आतोबांना काही नव्हतं. त्यांचं वैर होतं ते ओटीवरच्या काचेच्या पेटीतल्या शेवाळाशी.

म्हसळ्याच्या कचेरीतून पेन्शनीत निघाल्यावर ही पेटी त्यांनी लोहाराकडून लोखंडी चौकट ठोकून करवून घेतली होती. जेमतेम दोन घागरींची. आत तळ्यातलं लांब पातीचं पाणगवत, विहिरीत डासांसाठी सोडलेल्यांपैकी सहा-सात गप्पी मासे आणि मधोमध समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं एक वाकडं लाकूड. त्यातलं मीठ निघावं म्हणून आतोबांनी ते आत्याच्या लग्नातल्या तपेल्यात तीन दिवस उकळलं. आत्या आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "त्या शांततेमुळेच काम नीट झालं," असं आतोबा पुढे सांगत.

महिन्याभरात लाकडावर हिरवी लव आली आणि आतोबांचं चित्त उडालं. लाकूड बाहेर काढून ते काथ्याने खसखसून घासत. गवताची पाती मात्र पाण्यातच, दोन बोटांच्या चिमटीत, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशी पुसत. उन्हाने शेवाळ वाढतं असं ध्यानात येताच त्यांनी ओटीची खिडकी कायमची लावून टाकली, आणि आत्याला भर सकाळी कंदील घेऊन तांदूळ निवडायची पाळी आली. मग तळ्यातून गोगलगायी आणल्या. त्यांनी शेवाळाला तोंडही न लावता कोवळी पाती तेवढी फस्त केली. पाणी भरायला येणारी चांगुणा एकदा पेटीत डोकावून म्हणाली, "मासं कुठं हायत, अण्णा? नुसती हिरवल तर दिसतेय!" त्या दिवशी आतोबा जेवले नाहीत.

मासे मात्र जेवत होते, दिवसातून पाच वेळा. "बिचारे तोंड उघडून मागतात गं," म्हणत आतोबा येता-जाता पिठाची चिमूट टाकीत. उरलेलं पीठ तळाशी कुजे आणि त्यावर शेवाळ पोसलं जाई. हे शेवटी आत्याने ओळखलं. "आधी तो खाऊ आवरा," ती म्हणाली, "आणि सारखं सगळं पाणी उपसू नका, रोज तांब्या-दोन तांबे बदला." पंधरवड्यात पाणी नितळ झालं. आतोबांनी मला मुंबईला पत्र लिहिलं, 'माझा प्रयोग पूर्ण यशस्वी.' आत्याचा उल्लेख 'ती खुशाल आहे' एवढाच.

पुढे काही वर्षांनी काचबिंदूने आतोबांची नजर गेली. मी दिवाळीत त्यांना भेटायला गेलो. पेटी जागेवर होती, मासे होते, पण लाकूड मखमलीसारखं हिरवंगार झालेलं. आत्याचे गुडघे धरले होते, हात थरथरत होते. ती तरी किती करणार?

"कसं आहे गं लाकूड?" आतोबांनी विचारलं.

"स्वच्छ आहे. कालच घासलं," आत्या विळीवरून मान वर न करता म्हणाली.

आतोबा चाचपडत उठले. काठ धरून त्यांनी हात पाण्यात घातला आणि लाकडावरून सावकाश बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्याची विळी थांबली.

"हो," ते म्हणाले, "छान निघालंय. पण तू नको इतकी वाकत जाऊस माझ्यासाठी."

मग धोतराला हात पुसून त्यांनी मांडव्याला येताना बोट फार हलली का, असं मला विचारलं. धोतरावर बोटाएवढा हिरवा डाग उमटला होता. मी त्याच्याकडे बघत, नाही, फारशी नाही, म्हणालो.